घाटाची पिशवी

पायजम्याची नाडी आत गेली होती आणि घरात सेफ्टी पिन सापडत नव्हती, म्हणून साहेबांनी विणकामाची सुई घेतली. इथवर ठीक. पण टेबलावर मोकळ्या सुयांचा जुडगा पडलेला असताना त्यांनी नेमकी तीच ओढून काढली, जिच्यावर अर्धी शाल लटकत होती. ‘टाके काय पळून जातायत? नाडी ओवली की सुई परत जागेवर,’ असा त्यांचा विचार. नाडी झकास ओवली गेली. सुई परत घालताना मात्र दोन-तीन टाके खाली घसरले. ते आवळावेत म्हणून साहेबांनी एक धागा ओढला, तर त्याच्यामागून अख्खी ओळच चालू लागली.

साहेब म्हणजे पुतण्या. कचेरीत चाकांची खुर्ची मिळाल्यापासून काका-काकू त्याला याच नावाने हाक मारत. उन्हाळ्याची रजा काढून तो आला होता तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दोघांना घाटापलीकडे, ताईच्या नव्या घरी न्यायला. ताई म्हणजे त्यांची एकुलती एक लेक.

काकू आली. शाल उचलून तिने खिडकीच्या उजेडात धरली.

“हे काय झालं रे?”

“नाडी ओवायची होती.”

काकूने एकदा शालीकडे पाहिलं, एकदा पायजम्याकडे.

“ओवली का नीट?”

“हो.”

“चला. एक काम तरी धड झालं.”

आवाज चढला नाही. तो चढतच नसे. बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत तिने नोकरीची सगळी वर्षं काढली होती. गाडी चुकलेला प्रत्येक माणूस, जणू काकूनेच ती मुद्दाम सोडून दिली अशा थाटात, तिच्यावर ओरडून गेलेला होता. अशा नोकरीनंतर माणसाचं एक तर डोकं फिरतं, नाहीतर ते कायमचं गार होतं. काकूचं गार झालं होतं.

प्रवासाच्या विणकामाची तयारी मात्र ती पेटून करायची. सुटीचा नुसता विषय निघाला की जुन्या उशांच्या अभ्र्यांच्या पिशव्या टेबलावर यायच्या. एका पिशवीत एकच वस्तू. काठ, नक्षी, टाके मोजणं, सगळी कटकट घरीच उरकायची आणि पुढचं सरळसोट काम तेवढं पिशवीत भरायचं. “प्रवासात डोकं न्यायचं नाही, नुसते हात न्यायचे,” असं ती म्हणे. स्थानकावर ताटकळायची पिशवी वेगळी, तिच्यात मोजा. कारण गाडी आली की मोजा मधेच सोडला तरी रुसत नाही. सपाटीची पिशवी वेगळी, तिच्यात टोपी. सुया लाकडी आणि आखूड, शेजारच्याच्या बरगडीत जाणार नाहीत अशा. आणि सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जास्त खपून, घाटाची पिशवी. या खेपेला तिच्यात ही शाल.

सकाळीच साहेबांनी एक सल्ला देऊन ठेवला होता. “काकू, गुंडा मधून सुटेल असा करतात हल्ली. मी व्हिडिओ पाहिलाय. धागा आपोआप येतो, कुणी गुंडा धरून बसायला नको.”

“तेच तर नकोय मला,” काकू म्हणाली होती आणि बाहेरूनच सुटणारा गुंडा गुंडाळत राहिली होती.

तेव्हा त्याला तो हट्टीपणा वाटला. आता उसवलेली शाल समोर ठेवून काकूने ते उलगडून सांगितलं.

काकांना घाटाची भीती होती. साधीसुधी नव्हे, वळण सुरू झालं की घाम, मग श्वास कोंडणं, मग “गाडी थांबवा.” एरवी हा माणूस चार जणांचं काम ओढणारा, छापखान्यातल्या यंत्राशी भांडून त्याला चालतं करणारा. पण दरी दिसली की संपलं. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात काकूने सहज म्हणून लोकरीचा गुंडा त्यांच्या मांडीवर दिला. तो फिरवत, धागा सैल सोडत राहण्याच्या नादात त्यांचा अर्धा घाट निघून गेला. तेव्हापासून घाटाचा गुंडा ही काकांची जागा. उरल्यासुरल्या रंगांचे तुकडे जोडून काकू तो बनवायची. कुठला रंग कधी येणार हे काकांना ठाऊक नसायचं. त्यामुळे ते गुंड्यावर नजर लावून बसायचे आणि खिडकी विसरायचे.

“मागच्या खेपेला घाईत हिरवाच्या हिरवा गुंडा घेऊन गेले,” काकू म्हणाली. “पहिल्या वळणालाच हे उतरून पडले. ताईला सांगितलं, तब्येत बरी नाही. त्यावर ती म्हणाली, ‘राहू दे बाबा, मीच येत जाईन.’ त्या दिवसापासून तिने एकदाही ‘या’ म्हटलं नाही. आताही तिला बोलले नाहीये, येतोय म्हणून. पोचलो तर पोचलो.”

साहेबांचा चेहरा गोरामोरा झाला. “मग आता परत टाके घाल ना!”

“ही केसाळ लोकर. सुटलेला टाका दिसतो कुणाला? आणि काठासकट पुन्हा सुरू करायला वेळ कुठाय?” तिने शाल तशीच पिशवीत कोंबली. “जा, तुझी बॅग भर. आता आणखी काही ओवू नकोस.”

सकाळी बसमध्ये काका खिडकीपासून लांब, काकू आत, साहेब मागच्या बाकावर. स्थानकावर मोजा झाला, सपाटीवर टोपी वाढली. काका टोपीचा करडा गुंडा फिरवत इकडच्या तिकडच्या गप्पा मारत होते, पण जरा जास्तच मोठ्याने. डोंगर जवळ आला तसे ते गप्प झाले. पायथ्याच्या थांब्यावर बस उभी राहिली आणि काकाही उभे राहिले.

“अगं, तुम्ही दोघं जा पुढे. मी जरा…”

“बसा हो,” काकू म्हणाली. “आणि हे धरा आधी. सत्यानाश झालाय नुसता.”

तिने ती शाल त्यांच्या हातात दिली. काकांनी सुटलेली ओळ पाहिली आणि पायथा, डोंगर, सगळं विसरून ओरडले, “हे कोणी केलं?”

“मी,” मागून आवाज आला.

“तू? अरे, तुझ्या हातात काही दिलं होतं का कुणी? गाढवा, शाल आहे ती, फायलीची दोरी नाही!”

“त्याला नंतर बोला,” काकू म्हणाली. “मी उसवते, तुम्ही गुंडाळा. ओढू नका, केसाळ आहे, अडकेल. मी सोडीन तेवढंच घ्यायचं.”

बस सुटली ती काका उभेच असताना, म्हणून त्यांना बसावंच लागलं.

उसवणं विणण्यापेक्षा हट्टी असतं, हे साहेबांनी त्या घाटात पाहिलं. लोकर टाक्याटाक्याला अडत होती. काकू नखाने एकेक टाका सोडवायची, धागा थरथरत सुटायचा आणि काकांना दोन्ही हातांनी तो झेलावा लागायचा. वळणावर बस कलली की दोघंही कलायची, पण धागा सैल पडू द्यायची नाहीत.

“सोड की, किती वेळ?”

“गाठ आहे.”

“तुझीच गाठ आहे.”

“मग? तुमच्यासारखी सैल नाही बांधत मी.”

एका वळणावर काकांचा हात थांबला. मानेवर घाम दिसला. साहेबांनी पुढचं बाक घट्ट धरलं.  काकूने भराभर अख्खी ओळ सोडली. धाग्याचा ढीग मांडीवर पडू लागला तसे काका “अगं हळू, गुंता होईल!” म्हणत पुन्हा कामाला लागले. निळा गेला, पिवळा आला, पिवळ्यामागे गुलाबी.

माथ्यावर चहासाठी बस थांबली. काका उठले नाहीत.

“घाट संपला, काका,” साहेब म्हणाले.

“कळतंय मला. आंधळा नाही मी. गुलाबी संपू दे, मग उतरतो.”

दुपारी ताईने दार उघडलं. समोर बाप, काखेत डोक्याएवढा रंगीबेरंगी गुंडा. ती नुसती दाराला टेकून उभी राहिली. शेवटी काकाच म्हणाले, “आत घेतेस की परत जाऊ? परत जायचं तर उसवायला काही उरलं नाही.”

ती हसली आणि मग डोळे पुसत, “आई, तू तरी सांगायचंस!” म्हणून काकूवर चिडली.

संध्याकाळी ताईच्याच टेबलावर काकूने परतीच्या घाटाची तयारी मांडली. काठ पुन्हा घातला, नक्षी बसवली, मग सुया साहेबांपुढे सरकवल्या.

“काठ माझा. पुढच्या दहा ओळी तुझ्या. उसवल्याचं देणं आहे.”

“मला येत नाही काकू.”

“हात आहेत ना? सुलट टाका शिकवते. डोकं लागत नाही, म्हणजे तुला जमेल.”

साहेबांनी त्या मुक्कामात तीन ओळी घातल्या. टाके कुठूनसे वाढले, शालीला एका बाजूने कान फुटला. परतीची वेळ आली तसं काकूने ते काम काढून घेतलं आणि गुंडा काकांच्या मांडीवर देऊन घाटभर स्वतः विणलं.

शाल पूर्ण होऊन ताईकडे पोचली, कानासकट. साहेब पुन्हा चाकांच्या खुर्चीत. काकूचा फोन आला की ती आधी जेवणाचं विचारते, मग हवापाण्याचं, आणि ठेवता ठेवता म्हणते, “सात राहिल्या हं.”

“या रजेत नक्की, काकू,” साहेब म्हणतात. दर वेळी हेच म्हणतात.