प्योबाईंचा न घासलेला हात

कोरियातल्या आमच्या सुवॉनच्या प्रयोगशाळेत प्योबाई रोज साडेआठला येतात, डावी बाही कोपरापर्यंत सारतात आणि कातडी निवेपर्यंत वीस मिनिटं गप्प बसतात. मग कातडीतून उडून जाणारं पाणी मोजणाऱ्या यंत्राची नळी त्या स्वतःच्याच हातावर टेकवतात. आकडा दहाच्या आसपास आला, की यंत्र ठणठणीत. अकरा वर्षं हेच चाललंय. आकडा बदलू नये म्हणून हातावरचा तेवढा तळव्याएवढा तुकडा त्या अंघोळीतही घासत नाहीत. अंग खसाखसा घासून मळाच्या वळ्या काढल्याशिवाय आमच्याकडे कुणाला अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. म्हणून तो मळका तुकडा कुणाला दिसू नये, यासाठी सार्वजनिक स्नानघरात त्या हाताला टॉवेल गुंडाळून बसतात.

गेल्या हिवाळ्यात नव्या मलमाची चाचणी सुरू झाली. वस्तीतल्या बावीस बायका आल्या. मलम डाव्या हाताला लावायचं, उजवा कोरा ठेवायचा. त्याआधी दोन्ही हातांचे आकडे सारखे यायला हवेत. पण उजवा चौदा, तर डावा वीस. एकीचा नाही, जवळजवळ सगळ्यांचा.

आमचे प्रमुख म्योंगसाहेब कागदावर बोट आपटत म्हणाले, "यंत्र म्हातारं झालंय, प्योबाई."

"माझ्या हातावर आज सकाळी दहाच दाखवलं, साहेब."

"तुमचा हात म्हणजे काय सोनाराचा काटा? हे यंत्र भंगारात जाईल आणि यावर घेतलेले जुने आकडेही रद्द करावे लागतील." त्यांनी यंत्रावर 'भंगार' लिहिलेली चिठ्ठी चिकटवली.

प्योबाईंनी नळी पुसून जागेवर ठेवली. त्यांची अकरा वर्षं त्या आकड्यांत होती. खरं सांगते, त्यांच्यासोबत आकडे लिहून घेणाऱ्या मलाही यंत्राचाच संशय आला होता, आणि याची मला अजून लाज वाटते.

त्या रविवारी प्योबाई आणि मी स्नानघरात गेलो. वाफेत समोरच चाचणीतल्या बांग ओक-हुई बसलेल्या. उजव्या हातात हिरवी खरखरीत घासणी घेऊन डावा हात लालबुंद होईस्तोवर घासत होत्या.

"ओन्नी, कातडं सोलताय का?" प्योबाईंनी विचारलं. वयाने मोठ्या बाईला आम्ही ओन्नीच म्हणतो.

"उद्या पुन्हा तुझ्याकडे यायचंय ना? परक्या माणसापुढे मळका हात धरायचा? मला आईने तसं वाढवलं नाही."

"आणि उजवा?"

"डाव्या हाताने कुठे जोर लागतो? तो आपला ओझरता."

प्योबाई तशाच ओल्या अंगाने खाली बसल्या. आमच्या सूचनांच्या कागदावर तेल नको, क्रीम नको, सगळं होतं. घासू नका, एवढंच कुणी लिहिलं नव्हतं. घासलेल्या कातडीतून पाणी जास्त उडणारच, यंत्राने खरं तेच सांगितलं होतं.

साहेबांनी कुरकुरत दोन आठवडे दिले. बायकांना हात घासायची बंदी झाली. ठरल्या दिवशी त्या आल्या खऱ्या, पण बाह्या बोटांपर्यंत ओढून. कुणीही हात बाहेर काढेना.

"दोन आठवड्यांचा मळ आहे गं, प्यो," ओक-हुई पुटपुटल्या. "नको बघूस."

प्योबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःची बाही वर सारून हात टेबलावर ठेवला. गोऱ्या हातावर तळव्याएवढा काळपट डाग.

"तुमचा दोन आठवड्यांचा," त्या म्हणाल्या. "माझा अकरा वर्षांचा."

ओक-हुई वाकून बघत राहिल्या. "अगं बाई, तू तर आमच्याहून घाणेरडी." सगळ्या हसल्या, आणि बावीस बाह्या भराभर वर गेल्या.

ओक-हुईंचा उजवा हात दहा, डावाही दहा. पुढची अकरा, अकरा. मी आकडे लिहून घेत होते. साहेब मागे उभे राहून शेवटचा हात होईपर्यंत बघत होते. मग त्यांनी यंत्रावरची भंगाराची चिठ्ठी काढून खिशात घातली.

पुढच्या रविवारी स्नानघरात प्योबाईंच्या हाताला टॉवेल नव्हता; काळपट डाग तसाच उघडा होता.