माझी राहिलेली सही

फोन रहीमभाईंचा आला. मी सकाळी गोठा झाडत होते, हात शेणानं भरलेले, म्हणून सुनेनं फोन माझ्या कानाला लावून धरला. "भाभी, भाऊ गेले," एवढंच म्हणाले, अन् मग नुसता अकोल्याच्या दवाखान्यातला गलबला ऐकू येत राहिला... गेले ते माझे धाकटे दीर, नामदेवभाऊजी. शेवटचे दोन दिवस त्यांच्या उशाशी त्यांच्या बायकोसोबत बसून होते ते हे रहीमभाई, गुरांचे जुने बेपारी. भाऊजींच्या संघटनेच्या आम्हा सभासदांपैकी तिथे कोणी नव्हतं.

सव्वा महिना झाला. रडून झालं आता. पण आठवून आठवून माणूस थकतो, ते काही संपत नाही.

भाऊजींनी आमच्या भातकुलीकडच्या गुरंपालक शेतकऱ्यांची संघटना काढली, तिची पहिली बाई सभासद मी. मालक लवकर गेले, शेत अन् गुरं माझ्याच अंगावर. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं वाचन किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. संघटना म्हणजे काय, तर लस वेळेवर यावी, बाजारात जनावराला सावली अन् पाणी असावं, यासाठी अमरावतीला खेटे घालणं. भाऊजी यष्टीनं जायचे, डबा मी द्यायची. आल्यावर म्हणायचे, "वहिनी, साहेब मिटिंगमध्ये होते, पण तुमच्या ठेच्यानं दिवस वाया नाही गेला."

आता बैलाचं सांगते. आमच्याकडे म्हातारा बैल विकताना घरची बाई त्याला ओवाळते, पोळी चारते, अन् बेपाऱ्याला विचारते, "कास्तकाराकडेच जाईन नं?" बेपाऱ्यानं म्हणायचं, "हो माय, कास्तकाराकडेच." मग बैल दारातून हलतो. ज्याला धड उभं राहता येत नाही, तो बैल कोण कास्तकार औताला नेणार? विचारणारीला माहीत असतं, सांगणाऱ्यालाही. मी आमचा म्हातारा बैल सर्जा दिला तेव्हा असंच विचारलं. रहीमभाईंनी मान खाली घालून तेच उत्तर दिलं. ते बैल घेऊन गेल्यावर भाऊजी ओट्यावर बसले होते, तिथून म्हणाले, "वहिनी, कुंकू तुमच्या हातानं लागलं, अन् खोटं त्याच्या तोंडानं बोलवून घेतलं तुमी." मला इतका राग आला, की दोन दिवस चहा विचारला नाही.

पुढे बैल कापायला बंदी आली. बाजार बसला, रहीमभाईंचा धंदा गेला. म्हातारी जनावरं दावणीलाच राहिली. काहींनी अंधारात सोडून दिली, ती दुसऱ्यांच्या तुरीत शिरली. संघटनेची बैठक भरली, तर लोक म्हणू लागले, हे बेपारीच आपल्याले फसवत होते.

भाऊजी उभे राहिले. "कोण फसलं? हात वर करा." एकही हात वर गेला नाही.

मग त्यांनी खिशातून अर्ज काढला. म्हातारा बैल विकू द्या, नाहीतर सरकारनं न्यावा, अशी मागणी. पण तिच्या आधी एक वाक्य होतं: विकलेला म्हातारा बैल कापायला जातो हे आम्हाला माहीत होतं, बेपाऱ्यानं आम्हाला फसवलं नाही.

"मागणी ठीक हाय भाऊ, ते वाक्य कायले?" एकजण म्हणाला.

"त्याच्याबिगर मागणी खोटी आहे."

"देवाले माहीत हाय नं सारं, मंग सरकारले काहून सांगता?" कोणीतरी म्हणालं, अन् सगळे हसले.

"गावात राहाचं हाय आमाले. पोरीचे लग्न करायचे हायेत," दुसरा म्हणाला. यावर कोणी हसलं नाही.

"मोठ्या वहिनीपासून सुरू करू," म्हणत भाऊजींनी पेन माझ्यापुढे धरला. मी सही केली असती तर चारजण सही करायला उठले असते, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही. मी म्हटलं, "चष्मा घरी राहिला." चष्मा माझ्या कपाळावर होता. सगळ्यांना दिसत होता.

"बरं वहिनी," म्हणाले, अन् कागदाची घडी घातली. त्यानंतर कोणी पेन घेतला नाही, अन् तो अर्ज कुठेच गेला नाही. भाऊजी नंतरही डबा नेत, ठेच्याची तारीफ करत. पण त्या कागदाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते, भांडले असते, तर बरं झालं असतं...

मागच्या शनिवारी संघटनेच्या खोलीवर गेले. दर शनिवारी भाऊजी ती उघडून बसायचे, कोणी येवो न येवो. आता त्यांची बायको, माझी जाऊ कुसुम, उघडते. झाडते, पाण्याचा माठ भरते, दार सताड ठेवून बसते. मी तिला म्हटलं, "कुसुम, सर्जा कुठं जाते हे मले माहीत होतं."

"त्याइले ठाऊक होतं बाई."

"मंग मले कधी बोलले काहून नाही?"

ती माठावर झाकण ठेवत म्हणाली, "त्याइले तुमची कबुली नव्हती पाहिजे. सही पाहिजे होती, चार लोकांसमोर."

आता भाऊजींना ती सही पोचायची नाही. पण रहीमभाई अकोल्यात नातवाच्या दुकानात बसतात, अन् मी हे ज्यात लिहिते आहे तो पेपर तिथे येतो. मी ओवाळून दिलेला बैल कुठे जातो हे मला माहीत होतं. रहीमभाईंनी मला फसवलं नाही. पेपरच्या पुरवणीवाल्यांना सांगितलं आहे, खाली नाव पूर्ण छापा, गावासकट.

— शांताबाई महादेव ठोके, मु. पो. भातकुली