प्लेटसकट पाठवा

व्हाइसचा शिकंजा सैल केला आणि नुकताच सपाट केलेला ब्रॅकेटचा माथा पुन्हा वाकडा झाला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण सपाटी मोजणाऱ्या डायलचा काटा सरकला. आमच्या धंद्यात काट्याशी वाद घालत नाहीत.

"कोन चुकला? आपन की पीस?" वालीवच्या आमच्या वर्कशॉपचे मालक प्रकाशशेठ माझ्यावर डाफरले. मी तिथली प्रोसेस इंजिनिअर. डाफरून घेणं कामातच धरलेलं.

उपग्रहात अँटेना धरून ठेवणारा हा ब्रॅकेट. पूर्वी आम्ही त्याचे सात तुकडे मिलिंग मशीनवर कापून बोल्टने जोडायचो. आता पुण्याच्या कंपनीने तो थ्रीडी प्रिंट केला होता. धातूची पावडर पसरायची, हवी तिथेच लेझरने वितळवायची, असे थरावर थर. एकही बोल्ट नाही आणि आत केळीच्या खोडाचं सोपट आडवं कापल्यावर दिसते तशी जाळी. हातात घेतला तेव्हा इतका हलका लागला की मला अक्षरशः भरून आलं. आमच्याकडे उरलं होतं ते अँटेना टेकते तो माथा सपाट करणं. तेवढंही जमलं नाही तर हे गिऱ्हाईक गेलंच.

चूक आमच्या सवयीची होती. पीस आला की व्हाइसमध्ये आवळायचा. हा नाजूक पीस आवळल्यावर दबला, तसाच घासला गेला आणि सोडल्यावर पूर्ववत झाला, म्हणून माथा वाकडा.

पुण्याच्या त्या कंपनीतल्या रेणुका मॅडमना फोन लावला.

"दोनच प्रिंट केलेत. दुसरा आत्ता कापायला चाललाय," त्या म्हणाल्या. "तोही बिघडला तर सॉरी, दुसरा व्हेंडर बघावा लागेल."

प्रिंट होताना पीस एका जाड प्लेटला चिकटलेला असतो. अधांतरी भागांखाली सपोर्ट, म्हणजे धातूचे टेकू, सोबतच प्रिंट होतात. शेवटी हे सगळं कापून टाकतात. टेकू म्हटल्यावर मला नंदाखाल गावातली आमची केळीची वाडी आठवली. घडाच्या भाराने केळ वाकू नये म्हणून बाबा बांबूचा टेकू लावतात.

"मॅडम, कापू नका! भट्टीत तापवून धातूतला ताण काढून झालाय ना?"

"झालाय. का?"

"मग प्लेटसकट पाठवा. मी प्लेटच मशीनवर बोल्ट करते, पीसला टेकू धरून ठेवतील. पीसला चिमटासुद्धा लावायचा नाही. आधी माथा, मग कापणी."

प्लेट आली. "ही धोंड कोन उचलनार?" म्हणत प्रकाशशेठनीच एक बाजू धरली. माथा घासला, पीस कापून मोकळा केला, डायल लावला. शेठ डायलवर वाकले. काटा जागचा हलला नाही.

आता पुण्याहून सगळे पीस प्लेटसकट येतात. सात तुकड्यांचं काम गेलं, पण गिऱ्हाईक राहिलं. शेठ सगळ्यांना सांगतात, "ही आपली टेक्नॉलॉजी."

मी बाबांना ही हकिकत मोठ्या कौतुकाने सांगितली. ते म्हणाले, "पण घड उतरायच्या आधी टेकू काढत होतात कशाला?"