बोटांच्या फटीतून आलेला ताप

प्रिय अनिकेत आणि जुई,

परवा फोनवर अनिकेत सहज बोलून गेला, की फुटबॉलच्या बुटांमुळे बोटांमध्ये खाज सुटते, कुठलंसं मलम लावलं की दोन दिवस थांबते आणि पुन्हा सुरू होते. "एवढंसं तर आहे, आजी," तू म्हणालास. मीही असंच म्हणत होते. एवढ्याशावरून माझा पाय जायची वेळ आली होती. ती गोष्ट तुमच्या बाबाला अर्धवटच ठाऊक आहे. ती नीट क्रमानं लिहून ठेवावी, असं वाटलं.

"बाई, तुमचा आजार पोटरीत नाहीच. तो इथं आहे." सांगलीच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या पायाची शेवटची दोन बोटं फाकवली आणि मधली पांढरी, भिजल्यासारखी कातडी मला दाखवली. दीड महिना मी दुखणं घेऊन फिरत होते, पण तिथं कुणी पाहिलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मीच पाहू दिलं नव्हतं.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. तुमचे आजोबा फौजेत, दूर आसामकडे. भाड्याच्या दोन खोल्यांत मी, सहा वर्षांचा तुमचा बाबा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. त्या कोरेगावच्या शेतावरून नातवासाठी आल्या आणि राहिल्या.

मला टापटिपीचा अभिमान होता. बाहेरून आलं की पाय धुवायचे, स्वयंपाकाआधी धुवायचे, देवाजवळ जाताना धुवायचे. दिवसातून सात-आठ वेळा. पुसायचे मात्र दाराशी असलेल्या गोणपाटावर, तेही उभ्या उभ्या, तळवा घासून. बोटांच्या मधलं पाणी तिथंच राही. त्यात पायांत घट्ट जोडवी. स्वच्छतेनं माणूस आजारी पडतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बोटांमध्ये खाज आली, कातडी सुटू लागली. आपल्याकडे याला चिखल्या म्हणतात. चिखल्यांवर मेंदी लावतात, म्हणून मीही ओली मेंदी थापली. संक्रांतीचे दिवस होते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणाल्या, "पाय किती छान रंगलेत!" त्या रंगाखाली काय चाललं होतं, ते मलाही दिसत नव्हतं.

मग एका दुपारी वर्गात हुडहुडी भरली. घरी येऊन पाहिलं तर पोटरी लाल, गरम, तकतकीत. जांघेत गाठ. साताऱ्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालच्या थरात बॅक्टेरिया शिरून आलेली सूज. पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. पावलाकडे पाहून त्यांनी विचारलं, "ही लाली मेंदीची ना?" मी हो म्हणाले. चिखल्यांचं सांगायला मला लाज वाटली. एवढ्या नेटक्या बाईला चिखल्या!

पाच दिवसांत ताप उतरला. तीन आठवड्यांनी पुन्हा आला. या वेळी तीच इंजेक्शनं घेऊनही पाऊल इतकं सुजलं, की जोडवं मांसात रुतलं.

माझं माहेर सांगलीचं. भावानं तिथल्या मोठ्या दवाखान्यात खाट मिळवली. तुमच्या बाबाला जावेकडे कोरेगावी ठेवलं आणि आत्याबाई नि मी एसटीनं निघालो. आत्याबाईंनी माझा पाय आपल्या मांडीवरच्या बोचक्यावर ठेवला होता. कराडला एक गृहस्थ जागा मागू लागले, तर म्हणाल्या, "आवं, ह्या पायाचं बी तिकीट काढलंय म्या!"

दवाखान्यात डॉक्टरांनी फटीतली कातडी हलक्या हातानं खरवडली, काचपट्टीवर औषधाच्या थेंबात ठेवली आणि थोड्या वेळानं सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मी शिक्षिका आहे म्हणून मलाही पाहू दिलं. पेशींच्या मधून बारीक, फांद्या फुटलेले धागे पसरले होते. ही फंगस, म्हणजे बुरशी. आत्याबाईंनीही डोळा लावला. "ह्या तर मुळ्या हायत की! रान धरलंय हिनं पायात!"

डॉक्टर हसले. म्हणाले, "आजी, बरोबर बोललात." मग त्यांनी जे समजावलं ते मी त्याच दिवशी वहीत लिहून घेतलं. आपल्या कातडीचा वरचा थर, नखं आणि केस केराटिन नावाच्या चिवट पदार्थाचे असतात. ही बुरशी केराटिन खाते. खाता खाता कातडी मऊ करते आणि तिला भेगा पाडते. बहुतेक वेळा ती स्वतः खोल जात नाही, पण त्या भेगांतून बॅक्टेरिया आत जातात. पेनिसिलिननं ते बॅक्टेरिया मरतात, बुरशीला त्यानं काहीच होत नाही. भेग तशीच राहते आणि दुसरे बॅक्टेरिया येतात.

"पेनिसिलिनही बुरशीपासूनच मिळालं, ठाऊक आहे ना?" ते म्हणाले. "कातडीवरच्या काही बुरश्याही तसलंच द्रव्य करतात, असं म्हणतात. मग शेजारी उरतात ते त्या द्रव्याला सरावलेले बॅक्टेरिया. तुमचं इंजेक्शन कदाचित त्यामुळेच या वेळी लागू पडलं नाही. औषध बदलू."

मग त्यांनी जोडव्याला हात लावला. जोडव्यापुढचा बोटाचा भाग निळसर झाला होता. "हे आजच काढायचं. नाहीतर उद्या बोट काढावं लागेल आणि विष वर चढलं तर बोटावरही भागणार नाही."

मुलांनो, मी पदवीधर. वर्गात मुलींना सांगायची, अंधश्रद्धा बाळगू नका. आणि माझ्या तोंडून निघालं, "नको."

आजोबांचं दीड महिना पत्र नव्हतं. नवरा जिवंत असताना जोडवी उतरवायची नसतात, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, पण ते माझ्यात होतं. भाऊ आत्याबाईंकडे पाहू लागला. त्याला वाटलं, आता म्हातारी आकांत करणार.

आत्याबाईंनी पदर खोचला. "डाक्टर, कापा. हिचं ऐकू नगा. माझा ल्योक काय ह्या जोडव्याला बांधून ठिवलाय व्हय? तो त्याच्या पलटणीत हाय. हिचा पाय हितं हाय."

सूज एवढी होती, की जोडवं निघणं शक्यच नव्हतं. पेठेतून सोनार बोलावला. बारीक करवत घेऊन तो खाटेपाशी आला, पाय पाहिला आणि थबकला. म्हणाला, "सवाष्णीचं जोडवं मी कधी कापलं नाही, आजी."

"मग आज काप. हात हालवू नगंस म्हंजी झालं."

आणि त्या खाली बसल्या, माझं पाऊल त्यांनी दोन्ही हातांनी धरलं. ज्यांच्या पायांवर मी सणावाराला डोकं ठेवत असे, त्यांनी माझा पाय धरला होता. मी म्हणाले, "आत्याबाई, तुम्ही नका धरू. मला पाप लागेल."

"गप पड. पाप मोजायला लय दिस पडल्यात."

दुखलं खूप. जोडवं तुटलं तेव्हा बोटाभोवती काळीनिळी खाच पडली होती. आत्याबाई बोटावर फुंकर घालत राहिल्या. संध्याकाळपर्यंत त्याचा रंग बदलला. डॉक्टर नखावर दाबून म्हणाले, "रक्त पोचतंय. बोट वाचलं."

त्यानंतर बारा दिवस दवाखाना. नवं अँटिबायोटिक, पाय उशांवर उंच, सकाळ-संध्याकाळ जंतू मारणाऱ्या पोटॅशच्या जांभळ्या पाण्यात पाऊल. त्यानंतर कित्येक महिने बुरशीवरची गोळी, ग्रिझिओफल्विन. ती तुपकट जेवणाबरोबर घेतली की अंगी लागते, असं डॉक्टरांनी सांगितलं. आत्याबाई एकदम खूश. "ह्यो डाक्टर लय शाना." गोळी एवढीशी आणि भातावर तूप ओंजळभर!

घरी परतल्यावर आजोबांचं पत्र आलं. खुशालीचं होतं. शेवटी लिहिलं होतं, बुटांत पाय ओले राहून पलटणीत बऱ्याच जणांना चिखल्या झाल्यात. आपल्यालाही मागच्या सुट्टीपासूनच आहेत, तेव्हा सांगायचं राहिलं, तुझ्या पायांना नाहीत ना? मी ते मोठ्यानं वाचलं. मागच्या सुट्टीत आम्ही सगळे त्याच गोणपाटावर पाय पुसत होतो. आत्याबाई हसून हसून खाली बसल्या. "म्हंजी चोर घरचाच! येऊ दे मुडद्याला!" आणि पदरानं डोळे पुसले. गोणपाट त्यांनी त्याच दिवशी चुलीत घातला.

तर अनिकेत, मलम बंद कर. खाज लगेच थांबवणारी काही मलमं बुरशीला उलट पोसतात. डॉक्टरांना बोटं फाकवून दाखव, लाजू नकोस. औषध सांगतील तितके दिवस घे, बरं वाटलं म्हणून सोडू नकोस. मोजे रोज बदल. टॉवेल कुणाला देऊ नकोस. आणि बोटांच्या मधे कोरडं कर, एकेक फट.

मला हे आत्याबाईंनी शिकवलं. त्यांनी आपली जुनी मऊ नऊवारी फाडून तुकडे केले होते. जखम भरेपर्यंत रोज त्या माझ्यापुढे बसून एकेक फट टिपत. पुढे मीच टिपू लागले, तरी दारातून विचारत, "करंगळीपाशी टिपलंस का?"

आजोबा सुखरूप परत आले आणि पुढे खूप वर्षं आमच्यात राहिले. आत्याबाई जाऊन आता बराच काळ लोटला. कापलेलं जोडवं माझ्या कपाटात कापसात आहे. उजव्या पायाच्या करंगळीच्या नखात थोडी बुरशी अजून आहे, ती काही गेली नाही. दोन्ही पाय आहेत, दहाही बोटं आहेत. न्हाणीच्या दाराशी खुंटीवर त्या नऊवारीचा शेवटचा तुकडा आहे. विरला आहे, पण पाणी अजून टिपतो.