विहिरीच्या झाकणाचं वचन

हे मी आजवर कुणापुढं काढलेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, पाळकसाहेबांपुढं नाही. देवाला सांगितलं का म्हणाल, तर त्याला काय सांगायचं? तो तिथंच होता, सतरंजीवर, सगळ्यांत मिळून बसलेला. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखलंत तरी ह्या वयात माझं काय वाकडं होणार आहे?

आधीच बजावते, मी रडतबिडत सांगणार नाही. डोळ्याला पदर लावून सांगितलं की ऐकणारा विरघळतो आणि सांगणाऱ्याचं काम फुकटात होतं. मला ते नको.

आम्ही ख्रिस्ती, लुथरन पंथाचे. आमच्यात उपासनेला सुरुवात पापांगीकारानं होते. सगळ्यांनी उभं राहायचं आणि एका सुरात म्हणायचं, की आम्ही चुकलो. कुणाचं कोणतं पाप, हे कुणी विचारत नाही. पन्नास वर्षं दर रविवारी मी ते म्हणत आले — आणि मोठ्यानं म्हणत आले, कारण पुढं उभं राहून सगळ्यांना सांगणारी मीच असायची. सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळला की लई सोयीचं असतं.

आमचं गाव दिंद्रुडपासून पायी दोन तासांवर. गावाबाहेर आमची वस्ती, अकरा घरांची. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, आणि तिच्या मागं विहीर. पाळकसाहेब बीडहून एसटीनं यायचे, महिन्यातून एका रविवारी. उरलेले रविवार माझ्याकडं. मी नगरला बोर्डिंगात शिकलेली, गावच्या शाळेत मास्तरीण. कोणत्या रविवारी कोणता धडा वाचायचा, ते वर्षभराचं ठरलेलं असायचं. साहेब यादी लिहून द्यायचे, ती बायबलात घडी घालून ठेवलेली. मी धडा वाचायचे, त्यावर चार शब्द मनन सांगायचे.

आणि मग वचनं. ही आमच्या मंडळीची रीत. मनन झालं की दाराकडून सुरुवात करून प्रत्येकानं एकेक वचन तोंडपाठ म्हणायचं. वाचता येवो न येवो. वस्तीत वाचता येणारे चारच जण होते, पण पुस्तक सगळ्यांच्या तोंडात होतं, ते ह्या रीतीमुळं.

त्यात राहेलमावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. माझी सख्खी मावशी नव्हे, वस्तीची मावशी. तिचा नवरा जिवंत होता तेव्हा ती पहाटे जात्यावर बसायची आणि तो शेजारी बसून वाचायचा. असं ऐकून ऐकून तिला बायबलातलं नीतिसूत्रांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ झालं. अक्षर एक ओळखायची नाही. पण एकदा खुद्द पाळकसाहेबांना भर उपासनेत म्हणाली, "सायेब, तितं 'आणि' न्हाई, 'परंतु' हाय." साहेबांनी पान बघितलं. 'परंतु'च होतं. त्या दिवशी ती वस्तीतून अशी चालत होती, जशी काही तिची सून नव्यानं घरात आली आहे.

आता बहात्तरचा दुष्काळ. लोक खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर. शाळेत सुकडी शिजायची आणि पोरं त्यासाठीच यायची. गावातले दोन्ही आड आटले. टँकर आठवड्यातून एकदा आला तर आला. गावातले लोक नदीच्या वाळूत झिरे खणून गढूळ पाणी भरायचे, आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं हगवणीनं आडवी. आणि आमच्या चर्चमागच्या विहिरीला पाणी होतं. फार नव्हतं, पण होतं, आणि गोड होतं. तिच्यावर फळ्यांचं झाकण टाकून आम्ही कुलूप लावलं होतं.

का लावलं होतं? गावच्या आडावर आमच्या माणसांना कधी पाय ठेवू दिला नव्हता, म्हणून. राहेलमावशी लहानपणी रिकामी घागर घेऊन आडापासून दहा पावलं लांब उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून ओतायचं. कधी दुपार व्हायची. हे तिनं मला दहादा सांगितलेलं.

पण नुसत्या जुन्या रागानं कुलूप लावलं होतं असं समजू नका. गावात सोसायटी होती, सहकारी. बी, खत, सगळं सभासदांना. आमच्या अकरा घरांतल्या सात जणांकडं तुकडा-तुकडा जमीन होती. सात जणांनी कितीदा अर्ज दिले. अर्ज हरवायचे. मग पाणी मागायला सोसायटीचे चेअरमन स्वतः वस्तीवर आले, तेव्हा मंडळीनं सांगितलं — आधी आमची सात नावं घ्या. चेअरमन म्हणाले, पाऊस पडू द्या, पुढच्या सभेत बघू. राहेलमावशी उठून म्हणाली, "आदी नाव, मंग पोहरा." झालं. तो वस्तीचा निर्णयच ठरला. रविवारी उपासनेनंतर बसून पक्कं करायचं होतं.

शुक्रवारी चेअरमन शाळेत आले.

इथं मला जरा थांबावं लागतं. कारण पुढचं मी आजवर मनातसुद्धा वेगळंच सांगत आले — की पोरं तळमळत होती, माझ्याच्यानं बघवेना. ते खरं आहे. शपथेवर खरं आहे. पण चेअरमन आले, आणि खुर्ची असून बसले नाहीत. टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले, आणि म्हणाले, "बाई, तुमचा शब्द तुमची माणसं मोडत न्हाईत." तोवर त्या माणसानं मला हाक मारली होती ती 'ए मास्तरीण' अशी. त्यांचे वडील तर आमच्या सावलीला भ्यायचे. आणि आता मी बाई झाले होते. काय वाटलं मला? लई बरं वाटलं. पोरांचं दुःख एका पारड्यात आणि हे बरं वाटणं दुसऱ्या — कोणतं जड होतं, मला विचारू नका. मी तोललेलं नाही.

शनिवारी भाकरी थापता थापता मी वचन जुळवलं. हो, जुळवलं. बायबलात नसलेलं. आधी 'घालतो' म्हणून बघितलं, मग ते 'घालितो' केलं, म्हणजे जुनं वाटावं. तव्यावरची भाकरी करपली, एवढी मी त्यात गुंतले होते.

रविवारी आमचे वाचता येणारे तिघे कामावर होते. कामाला सुट्टी बाजारादिवशी असायची, रविवारी नाही. म्हणजे वाचता येणारी मी एकटी. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? धडा होता नीतिसूत्रांतला. मी वाचत गेले आणि शेवटाला, पानावरची नजर न उचलता, वाचलं —

"जो आपल्या विहिरीवर झाकण घालितो, त्याच्या आकाशावर परमेश्वर झाकण घालील."

आवाज केसभर हलला नाही. बाहेर आभाळ वर्षभर कोरडं ठणठणीत, त्यात असलं वचन. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. तेवढ्यात राहेलमावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "सुशे, ह्ये कुटलं? त्या अध्यायात झाकण न्हाई."

रागानं नाही म्हणाली. साहेबांना 'परंतु' सांगितलं होतं, तसंच म्हणाली.

मी काय म्हणू शकत होते? 'दुसऱ्या पुस्तकातलं आहे मावशी', असं म्हणता आलं असतं. 'मननातलं आहे, माझं आहे', असंही. ते तर खरंच होतं. मी म्हणाले, "मावशी, पुस्तक माझ्या हातात हाय. तुमाला वाचता येतं का?"

एवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही थांबले. मी उठले, उघडं बायबल तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "दाखवा, कुटं न्हाई ते."

तिनं पानावर तळहात ठेवला. एकदा वरपासून खालपर्यंत फिरवला. मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मी त्या बाईकडं डोळे वटारून बघायला हवं होतं, शाळेत बघते तसं. नाही बघितलं. मावशीनं पुस्तक पदरानं पुसलं आणि दोन्ही हातांनी मला परत दिलं.

मग वचनांची पाळी फिरत फिरत तिच्यापाशी आली. ती म्हणाली, "माजं ऱ्हाऊ द्या. मला वाचता येत न्हाई."

त्याच दिवशी संध्याकाळी कुलूप निघालं. गाव पाण्याला आलं. आमच्याच हातानं पोहरा ओढून त्यांच्या घागरी भरल्या, आणि हगवण थांबली. माझ्या वर्गातली पोरं उठून बसली. झाकण उघडलं ह्याचं मला दुःख आहे का? नाही. नाही म्हणजे नाही. तहानलेल्या पोराला 'आधी तुझ्या आज्याचा हिशेब चुकता कर' म्हणणं मला कोणी शिकवलेलं नाही आणि मी शिकणारही नाही. देवाच्या तोंडी खोटे शब्द घातले म्हणून मला नरक असेल तर असो. तिथं तरी निदान पाण्यावरनं भांडण नसेल. पाणीच नसेल.

पण राहेलमावशीची अटही खरी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पाऊस पडला, सभा झाली, सात नावं निघालीच नाहीत. चेअरमन रस्त्यात भेटले की 'बाई, नमस्कार' म्हणायचे. तेवढाच माझा फायदा. वस्तीच्या हातात जन्मात एकदा काहीतरी आलं होतं, ते मी सोडायला लावलं. मावशीचा मुलगा योहान दोन-तीन हंगाम बियाण्यासाठी हिंडला, मग कोयता घेऊन बायकोसकट कारखान्यावर ऊसतोडीला गेला. त्यांचा तुकडा पडीक राहिला. मावशी दिवाळीनंतर घरात एकटी असायची, ऊसतोडीच्या टोळ्या परत येईपर्यंत.

ह्यावरही मी भांडायला तयार आहे. माणसं सोसायटीशिवाय जगतात, पाण्याशिवाय मरतात. येऊ दे कुणाला यायचं ते.

पण त्यानंतर राहेलमावशीनं वचन म्हटलं नाही. एकदाही नाही. दर रविवारी यायची, दाराजवळ बसायची, पाळी आली की म्हणायची, "माजं ऱ्हाऊ द्या." पहिल्यांदा लोक आग्रह करायचे. मग तिला वगळून पाळी पुढं जायला लागली. साहेब एकदा वाचताना चुकले, एक अख्खी ओळ गाळली. मी मावशीकडं बघितलं. तिचे ओठ हलले, आणि थांबले. ती शंका घ्यायला लागली होती — त्यांच्यावर नाही, स्वतःवर.

आणि माझं वचन मात्र चालू लागलं. बायका ते वचनांच्या पाळीत म्हणायच्या. लग्नात म्हणायच्या. पुढं कुणीतरी विहिरीच्या कठड्यावर निळ्या रंगानं लिहून घेतलं. नवीन तरुण पाळक आले, त्यांनी शोध शोध शोधलं आणि मला विचारलं. मी म्हणाले, जुन्या भाषांतरात होतं. त्यांनी मान डोलावली. जुन्या भाषांतरावर कोण वाद घालणार?

ह्या सगळ्याला पंधराएक वर्षं झाली आणि मावशीनं अंथरूण धरलं. योहान कारखान्यावर. मी शाळा सुटली की जायचे, पेज करून द्यायचे, बायबल वाचायचे. ती ऐकायची, बोलायची नाही. एका दुपारी म्हणाली, "सुशे, त्ये झाकनाचं वाच."

घरात आम्ही दोघीच होतो. कुणी ऐकणारं नव्हतं. माझी नोकरी जाणार नव्हती, गाव पुन्हा तहानणार नव्हतं, त्या वचनाचं काम केव्हाच संपलं होतं. मी नीतिसूत्रं काढली. तोच अध्याय काढला. ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं. 'घालितो' म्हणाले, 'घालील' म्हणाले.

तिनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "आसंल बाई. मीच इसरले आसंल. धनी वाचायचे तवा जात्याचा आवाज लई व्हायचा."

मी पुस्तक मिटलं आणि तिला पेज पाजली. चार दिवसांनी ती गेली.

ती विसरली नव्हती. त्या अध्यायात झाकण नाही, अख्ख्या पुस्तकात नाही. तिनं ते पहिल्या झटक्यात ओळखलं होतं. हे मला तिच्या खाटेपाशी बसून सांगता येत होतं, आणि मी सांगितलं नाही.