बुडवून ठेवलेली लाँच

त्या लाँचचा रंग आठवला तरी किळस येते. चकचकीत निळा ऑइलपेंट, त्यावर सोनेरी पट्टा आणि शेजारी बोर्ड: 'प्री-वेडिंग, वाढदिवसासाठी भाड्याने. राष्ट्रनेते बसले तिथे बसा!' त्याहून जास्त किळस माझी मला येते, कारण सुरुवात माझ्याच पत्रकाने झाली.

रांजणगावात कंपनीची शिफ्ट, सुट्टीला गावोगावच्या प्रश्नांवर पत्रकं काढायची, असं माझं चालायचं. दौंडकडच्या भीमेकाठच्या एका गावात गेलो, तर एक सागवानी लाँच पाण्यात बुडालेली, नुसती कड वर. दिल्लीचे मोठे पुढारी धरणाचं पाणी बघायला आले की याच लाँचमधून फिरायचे, असं टपरीवर कळलं. माझं डोकंच फिरलं. निमोण्याला घरी पोचेपर्यंत मजकूर तयार: 'राष्ट्रनेत्यांची लाँच चिखलात! लाज वाटते का?' खाली मागणी: ताबडतोब पाण्याबाहेर काढा.

लाँच आयुष्यभर चालवलेले आप्पा काठावरच राहत होते. त्यांना काही विचारलं नाही, छापलेलं पत्रक तेवढं नेऊन दिलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं.

"बुडाली न्हाई ती. इंजिन काढून, दगड घालून मीच बुडवलीय. लाकूड पाण्यात फुगतं, सांधे घट्ट ऱ्हात्यात. उन्हात काढली तर मरंल."

"आप्पा, तुमची भावना समजते," मी म्हणालो. या वाक्यासाठी मला कुणीतरी थोबाडीत द्यायला हवी होती.

पत्रक गाजलं. जतन समिती झाली. जेसीबीने लाँच ओढून सिमेंटच्या ओट्यावर चढवली. तिला हार, मला शाल. उन्हाळाभर ती तापली, फळ्या आकसल्या, फटींतून नदी दिसायला लागली. समितीने फटींत पुट्टी भरली. भिंतीची पुट्टी! वर तो निळा रंग.

पहिलं भाडं शिरूरच्या एका जोडप्याचं. आप्पांनी फेटा बांधून सुकाणू धरावं, असं समितीला वाटत होतं.

"पंधरा दिस पाण्यात ठिवा, मग बसतो," आप्पा म्हणाले.

"आप्पा, रंग जाईल की!" अध्यक्ष हसले.

नारळ फुटला, ड्रोन उडाला. पाण्यात सोडलेली बिनइंजिनाची लाँच बांबूने रेटत काठापासून दहा हात गेली असेल, तोवर पाणी नवरीच्या घागऱ्याला लागलं. फोटोग्राफर ओरडतोय, "मॅडम, स्माईल तेवढी ठेवा!" शेवटी सगळे मांडीभर पाण्यातून चालत बाहेर आले.

समितीने लगेच ठरवलं: तळाला फायबर मारायचं आणि परत ओट्यावर, कायमचा सेल्फी पॉइंट. सोमवारी जेसीबी येणार.

रविवारी भरदुपारी मी आप्पांकडे गेलो आणि माफी मागायला लागलो.

"भाषण ऱ्हाऊ दे. दगड उचलता येत्यात का?"

लाँच अर्धी भरून तिथंच तरंगत होती. आम्ही ती खोल पाण्याकडे रेटली आणि दगड भरायला लागलो. पुढारी बसायचे त्या बाकाखाली पहिला दगड मी ठेवला. काठावरून कुणीतरी ओरडलं, "ओ पत्रकवाले! बाहेर काढा म्हणून तुम्हीच बोंबलत हुता ना?"

"व्हय! चुकलो!"

"आदी भर," आप्पा म्हणाले. "मग बोंबल."

सोमवारी जेसीबी आला. काठावरून त्याचा हात बुडालेल्या लाँचपर्यंत पोचेना. अध्यक्ष पाण्यात उतरायला तयार नव्हते. आठवड्याने मी परत गेलो, तर लाँचभोवती पुट्टीचे पांढरे पापुद्रे तरंगत होते. फळ्या फुगून त्यांना बाहेर ढकलत होत्या.