बरोबर उत्तराला सॉरी

मिळमिळीत बोलणाऱ्या मुलींचा मला भयंकर राग येतो. खारघरच्या एका डिप्लोमा कॉलेजात मी इलेक्ट्रिकल शिकवते. वर्गात मुली मोजून नऊ. मुलगे बाकावरूनच उत्तर ठोकून देतात, चुकलं तर हसून दुसरं ठोकतात. मुली मात्र बरोबर उत्तरालाही आधी सॉरी लावतात. मी खेकसायची, "येतंय ना तुला? मग बोल की घडाघडा!"

त्यातली एक सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत जास्त पुटपुटणारी. वडील साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी. पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिची अप्रेंटिसशिप ठरली होती, पण सगळे विषय सुटायला हवे होते. उरली होती फक्त तोंडी परीक्षा.

ती घ्यायला बाहेरचे परीक्षक येतात. त्यांचा मान जावयाचा. आम्ही कॉलेजच्या मॅडम शेजारी बसतो, चहा-वडा वेळेवर मागवतो, मार्कांच्या कागदावर दुसरी सही करतो आणि मध्ये बोलत नाही. मीही इतकी वर्षं हेच करत आले होते.

तिच्या आधीच्या मुलाला सरांनी विचारलं, मोटर सुरू होताना इतका करंट का ओढते? "लोड असतो ना सर!" तो छाती पुढे काढून म्हणाला. साफ चूक. सर हसले. "चुकलास, पण दम आहे तुझ्यात." त्याला पास केलं.

मग ती आली. प्रश्न तोच.

"सॉरी सर, चुकलं तर... सुरुवातीला मोटर फिरत नसते, म्हणून करंटला अडवणारा बॅक ईएमएफ नसतो. बहुतेक."

"बहुतेक? नक्की काय ते सांग."

पुढची दोन उत्तरंही बरोबर, आणि दोन्हींच्या शेवटी बहुतेक. मी टेबलाखाली मुठी आवळून बसले होते.

"हिला पक्कं काहीच येत नाही. सात देतो," सर म्हणाले. पास व्हायला पंचवीसात दहा लागतात.

मी बोलले. "सॉरी हां सर, मला आपलं वाटतं, तिची उत्तरं बहुतेक बरोबर होती."

"राहू द्या हो मॅडम." त्यांनी पेन उघडलं.

"मॅडम!" ती ओरडलीच. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "येतंय ना तुमाला? मग बोला की घडाघडा!"

माझे कान तापले. "सर, तिन्ही उत्तरं बरोबर आहेत," मी म्हणाले. "सात लिहिलेत तर मी सही करणार नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. शेवटी त्यांनी अठरा लिहिले. मी सही केली.

ती गेली. मी वड्याची बशी सरांपुढे सरकवली आणि माझ्या तोंडून निघालंच, "सॉरी हां सर."